सुरात लागलेली तलवार

या देशात ऋतू दोनच, असं नवीन आलेले लोक म्हणतात. एक एसी लावायचा आणि दुसरा एसी थोडा कमी लावायचा. पहिली काही वर्षं मीही तसंच म्हणत असे. पण इथे एक तिसरा ऋतू आहे आणि तो मारकुटा आहे. जून सरत आला की उत्तरेकडून शमाल नावाचा वारा सुटतो, वाळवंट मुठीत उचलतो आणि शारजाच्या तोंडावर फेकतो. दाराच्या फटीतून, खिडकीच्या रबरातून, डब्याच्या झाकणाखालून धूळ आत शिरते. भात खाताना दाताखाली कचकन लागतं. कपाळाच्या शिरा ठणकतात, माणसं सिग्नलला विनाकारण हॉर्न मारतात, बायका नवऱ्याशी विनाकारण भांडतात. मी कारण शोधून ठेवते आणि मग भांडते.

परवा दुपारी तो आला. समोरच्या इमारती आधी पिवळ्या झाल्या, मग विटकरी, मग दिसेनाशा झाल्या. आणि माझ्या बाल्कनीत तलवार वाजायला लागली.

तलवार म्हणजे खरीखुरी तलवार. हातभराहून लांब पोलादाची पट्टी, मुठीखाली एक भोक, त्या भोकातून ओवलेली तार. वाऱ्याने हेलकावली की ती लोखंडी कठड्यावर आपटते आणि सगळा मजला दणाणून सोडते. शेजारणीने तक्रार केली तेव्हा वॉचमन वर आला होता. म्हणाला, "मॅडम, वो घंटी निकालो." मी म्हटलं, "घंटी नहीं है, तलवार है." तो बिचारा दोन पावलं मागे सरकला आणि पुन्हा काही आला नाही.

माझी लेक शर्वरी मात्र घरातलीच, ती कुठे जाणार? कानांवर उशी दाबत ती म्हणाली, "आई, इट्स सो अनॉइंग. अँड इट्स नॉट इव्हन इन ट्यून." तिच्या फोनमध्ये सूर मोजायचं काहीतरी आहे. तिने तो काचेला लावला आणि मला काटा दाखवला. "सी? इट्स फ्लॅट."

मला ते लागलं. कोणी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली असती तर चाललं असतं. पण वासू मेस्त्रीची तलवार आणि उतरलेली?

वासू मेस्त्री हे नाव तुम्ही ऐकलेलं नाही. ऐकायचं काही कारणच नाही. त्याची तबकडी निघाली नाही, कुठल्या मंडळाने त्याला शाल दिली नाही. तो शारजाच्या औद्योगिक भागात एका शेडमध्ये वेल्डिंग करायचा, वेंगुर्ल्याकडचा होता, आणि माझ्या कानांनी ऐकलेला सगळ्यात जबरदस्त गिटारवादक होता. ज्या एका उन्हाळ्यात मी त्याला ऐकलं, त्याच उन्हाळ्यात त्याचा डावा हात गेला. म्हणून शमाल सुटला की मला दुसरं काही आठवतच नाही.

तो पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या टेबलावर पालथा पडला होता. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इथल्या एका दवाखान्यात काम करते. जुलै हा इथे गावाला जायचा महिना. ज्याला रजा मिळते तो जातो, ज्याला मिळत नाही तो मागे राहतो आणि कुढतो. त्या वर्षी नवरा आणि शर्वरी पुण्याला गेले होते आणि मी मागे राहिले होते. रिकाम्या घरात मी कपाटांची दारं आपटत फिरायचे. अशात हा माणूस जखडलेला खांदा घेऊन आला. खांद्याला मशीनच्या तारा चिकटवून पडला होता आणि मोकळ्या हाताने टेबलाचा पत्रा बडवत होता.

"ओ, बंद करा ते," मी ओरडले.

"तुमचा मशीन बेताल आसा, वहिनी," तो उशीत तोंड खुपसूनच म्हणाला. "मी तेका ताल देतंय."

दुसरा कोणी असता तर मी बाहेर काढला असता. पण तो जे बडवत होता त्यात काहीतरी होतं. धावणाऱ्या माणसाचा श्वास असतो तसं, मध्येच अडखळणारं, पुन्हा उसळणारं. मी मशीन बंद केलं आणि ऐकत उभी राहिले.

मग मी शुक्रवारी त्याच्या शेडवर जायला लागले. दुपारच्या जेवणानंतर पाचपंचवीस पोरं पत्र्याच्या सावलीत बसायची. वासू उलट्या पिंपावर बसायचा आणि गिटार घ्यायचा. गिटार म्हणजे एक भेग पडलेलं, एपॉक्सीने सांधलेलं खोकं. तो वाजवत नसे, मारत असे. तारा खेचून सोडायचा तेव्हा त्या लाकडावर चाबकासारख्या आपटायच्या. अंगठा खाली घण घालत राही आणि वर डाव्या हाताची बोटं तारेला इतकी पिळत की सूर रडकुंडीला येई. मला गोड गाणं कधीच आवडलं नाही. गोड गाणं ऐकलं की कोणीतरी आपल्याला थापटून झोपवतंय असं वाटतं आणि मला उठून भांडावंसं वाटतं. वासूचं वाजवणं ऐकलं की माझं भांडण आपोआप शमायचं, कारण माझ्या वतीने तोच भांडायचा.

हे तो कुठे शिकला? तरुणपणी बर दुबईच्या एका हॉटेलात फिलिपिनो लोकांच्या बँडमध्ये होता. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने त्याला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे ब्लूज ऐकवले. ऐकून वासू हसायला लागला म्हणे. मला सांगताना त्याचे डोळे चमकायचे. "ह्या तर आमचा गाऱ्हाणा, वहिनी! एकान उभा ऱ्हवान देवाक दुख सांगूचा, बाकीच्यांनी व्हय म्हणूचा. ब्लूज म्हंजे दुसरा काय आसा?"

कोकणात कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एक जण मागणं मांडतो आणि प्रत्येक वाक्यामागे जमाव ओरडतो, व्हय म्हाराजा! वासू ते गिटारवर घालायचा. स्वतः खड्या आवाजात सुरू करायचा, "बा देवा म्हाराजा, ह्यो जो वारो सुटलो हा, तेका आवर रे म्हाराजा!" आणि 'व्हय म्हाराजा' तोंडाने म्हणायचा नाही. ते गिटार म्हणायची. जाड तारेवर तीन आघात, शेवटचा पिळलेला. पोरं पुढे सरकून बसायची. त्यांच्यातल्या एकानेही ब्लूज ऐकलेले नव्हते, पण गाऱ्हाणं कोणाला कळणार नाही?

हॉटेलातून त्याला हाकललं ते त्याच्या रागापायी. एक गिऱ्हाईक सिनेमातलं गाणं मागत राहिलं, हा वाजवेना, तेव्हा त्या गिऱ्हाइकाने बर्फाचा खडा फेकून मारला. वासूने गिटार उचलून त्या माणसाच्या ग्लासांवर घातली. तिला भेग पडली ती तेव्हाची. सुतार-लोहाराच्या घरातला मुलगा परत लोखंडाकडे गेला. मी एकदा विचारलं, पश्चात्ताप होतो का? म्हणाला, "गिटारीचो होता. तेच्या डोक्यार घालूक व्हयी होती." असा माणूस. मला तो फार आवडायचा.

त्या उन्हाळ्यात कोकणातल्या पोरांनी दशावतार करायचा घाट घातला. दशावतार गावच्या जत्रेत होतो, थंडीच्या दिवसांत. इथे भर उन्हात, रास अल खोरच्या एका भाजीच्या गोदामात, कांद्यांच्या वासात. कारण सरळ होतं. ज्यांना रजा मिळाली नाही त्यांना वेड लागायची पाळी आली होती. पखवाजवाला गावाला गेलेला, पेटीवाला गावाला गेलेला. उरला वासू. सगळं नाटक एका गिटारवर.

आणि तलवारी. गावाकडे दशावताराच्या तलवारी लाकडाच्या असतात, वर चंदेरी कागद. इथे लाकूड शोधत हिंडावं लागतं आणि लोखंड पायात येतं. शेडमध्ये कापून उरलेल्या पट्ट्यांचा ढीग पडलेला होता. वासूने त्यातून दोन तलवारी कापल्या. एवढ्यावर थांबला असता तर तो वासू कसला! त्याने त्या सुरात लावायला घेतल्या. पट्टी तारेने टांगायची, हातोडीने टिचकी मारायची, कान लावायचा, ग्राइंडर फिरवायचा. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मध्ये घासलं की उतरतो. पेटीवाले ज्याला पांढरी तीन म्हणतात, तो सूर त्याला हवा होता, कारण त्याच्या गिटारची जाड तार त्या सुरात होती.

"युद्धात घाव पडलो तर माझ्या सुरात पडूक व्हयो," तो म्हणाला. ठिणग्या उडत होत्या आणि तो लहान मुलासारखा खूश होता. तलवारीला धार नव्हती. वजन मात्र होतं.

राजा झाला होता सावंत, त्यांचा फोरमन. राक्षस झाला होता नंदू, सावंतच्याच हाताखालचा फिटर. त्याच महिन्यात नंदूचे वडील गेले होते. माणसं कमी आहेत म्हणून सावंतने त्याची रजा वर पाठवलीच नाही. बापाला अग्नी दिलेला नंदूने फोनवर पाहिला, साइटवर उभं राहून, डोक्यावर हेल्मेट. तरी तो नाटकात उभा राहिला. राक्षस करायला दुसरं कोणी उरलं नव्हतं आणि तो काही बोलत नव्हता, म्हणून सगळ्यांना वाटलं निवळला.

नाटकाच्या दुपारी शमाल इतका होता की गोदामाचं शटर सतत धडधडत होतं. आत माणसंच माणसं. पत्रा तापलेला, घाम आणि रंग आणि कांदा. मी पुढच्या रांगेत कांद्याच्या गोणीवर बसले होते.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचेल ते बोलायचं. युद्ध वाद्यावर चालतं. वाद्य वाजतंय तोवर तलवारी फिरतात, वाद्य थांबलं की दोघं थांबून बोलतात. शेवटी राक्षस मरतो. एवढंच काय ते ठरलेलं.

सावंत गरजला, "दैत्या, तुझा काळ जवळ आला आहे!"

नंदूने तलवार खाली केली. लाल रंगाने माखलेल्या तोंडातून, नाटकी मराठी सोडून, तो घरच्या बोलीत म्हणाला, "काळ? माझ्या बापाचो काळ इलो, तेव्हा तू खंय होतंस रे?"

गोदाम फुटलं. शिट्ट्या, टाळ्या. असला संवाद कोणी ऐकला नव्हता. प्रत्येकाच्या पोटात एक गिळलेली रजा होती आणि ती राक्षसाच्या तोंडून बाहेर येत होती. सावंतही सराईत नट, त्याने वार केला. नंदूने तो परतवला आणि ओरडला, "आज मी मरूचंय नाय!"

आणि वासूने गिटारवर हात टाकला. तसं वाजवलेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. युद्धात वाद्य राजाच्या बाजूने असतं. त्या दिवशी ते राक्षसाकडे गेलं. तलवारी भिडल्या की खण्णकन पांढरी तीन, आणि खालून त्याचीच जाड तार. लोखंड आणि तार एका गळ्याने ओरडत होते. लोक उभे राहिले. मीही उठून "मार!" म्हणून ओरडले आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. सुंदर होतं ते. राक्षस मरायला तयार नाही, हे किती सुंदर असतं!

मग सावंतचा कान फाटून रक्त आलं. लोकांना वाटलं रंग. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. सावंत "खलास, नंदू, खलास!" म्हणत मागे सरकला, तर लोक हसले. काम थांबवताना फोरमनच्या तोंडी रोज असणारा, 'बस झालं' अर्थाचा अरबी शब्द होता तो. पण वासू जवळ होता. त्याला दिसलं. त्याने तारांवर पंजा दाबून वाद्य बंद केलं.

वाद्य थांबलं की युद्ध थांबतं. जन्मभर त्याने हे पाहिलं होतं. युद्ध थांबलं नाही. आणि मागून लोक त्याच्यावरच खेकसले, "वाजव रे! वाजव!"

सावंत पडला. नंदूने दोन्ही हातांनी तलवार डोक्यावर नेली. त्याच्या तोंडावर तेव्हा राक्षसाचाही भाव नव्हता, काहीच नव्हतं. वासू पिंपावरून उठला आणि त्याच्याजवळ जे होतं ते त्याने मध्ये घातलं. गिटार. तिची दांडी पुढे करून, डाव्या हाताची मूठ दांडीभोवती तशीच.

खण्ण.

तो आवाज मी बाल्कनीत रोज ऐकू शकते. तलवारीने तारा तोडल्या, बोटं फोडली, लाकूड फोडलं. नंदूच्या हातून ती गळून पडली तेव्हा कुठे लोक गप्प झाले. मी धावले. सावंतचा भरजरी शेला ओढून वासूच्या हाताला गुंडाळला. रक्त थांबेना. तर्जनी आणि मधलं बोट यांचा आकार राहिला नव्हता. वासूचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो माझ्याकडे बघून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. मी कान नेला.

"सुरात लागली, वहिनी," तो म्हणाला. "आयकलात मां?"

मला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली आणि मी रडायला लागले.

हॉस्पिटलमध्ये पोलिसांनी विचारपूस केली. नंदू बाहेर बाकावर बसला होता, तोंडाला अजून लाल रंग. एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर तो तुरुंगात गेला असता. वासूने एकच उत्तर धरून ठेवलं. "तलवार मैंने बनाया, साब. मेरी तलवार से मेरा हाथ कटा. बस." त्यात खोटं काय होतं? सावंत कानाला टाके घालून आला आणि तोही गप्प राहिला. भला म्हणून नव्हे. बभ्रा झाला असता तर दाबून ठेवलेल्या रजेपायी आधी फोरमनची नोकरी गेली असती. नंदूला मात्र त्याच आठवड्यात गावाची रजा मिळाली.

मग शमालचे उरलेले दिवस, आणि माझ्या टेबलावर तो हात. स्नायूंचे जे दोर बोट सरळ करतात ते शिवले होते, हाडं सांधली होती, पण बोटं लाकडासारखी. मी ती वाकवायचे आणि तो मला शिव्या घालायचा. खरोखरच्या, आईबहिणीवरच्या. मीही उलट घालायचे. दवाखान्यातली मल्याळी नर्स दार लावून घ्यायची. मला त्या दोन बोटांचा असा राग यायचा! इतकी पिळली, दाबली, शेकली, आणि ती ढिम्म. मला ती परत हवी होती. त्याच्यासाठी म्हणत असे मी, पण माझ्यासाठीच हवी होती. माझ्या वतीने भांडणारं दुसरं कोण होतं?

एकदा मी पितळेची एक नळी आणली. बोटात नळी घालून तारेवरून घसरवत वाजवणारे लोक ब्लूजमध्ये पुष्कळ आहेत, मी वाचून आले होते. त्याने ती उजव्या हाताने घेतली आणि भिंतीवर फेकली. प्लास्टरला खळगा पडला.

"नळी घालून वाजवतत, ते हौसेन," तो म्हणाला. "माका भीक नको."

मी तो विषय पुन्हा काढला नाही.

हिवाळ्याच्या तोंडाशी त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. एका हाताचा वेल्डर कोण ठेवतो? निघायच्या आधी तो घरी आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली तलवार घेऊन. मी दारातच थबकले. "ही विमानात नेऊक देवचे नाय," तो हसत म्हणाला. "आनी भंगारात घालूक माझो जीव होना नाय. सुरात आसा ती." त्यानेच ती बाल्कनीत टांगली. माझा नवरा म्हणाला, असली अभद्र वस्तू घरात कशाला? मी म्हटलं, घरात नाहीये, बाल्कनीत आहे.

आता तो गावी खिडक्यांच्या ग्रिल करतो. नंदूही गावीच राहिला, परत इकडे आला नाही. तोच लोखंड धरतो, वासू उजव्या हाताने जोडतो. गिटार घरात नाही. दिवाळीला फोन होतो तेव्हा आम्ही पावसाचं, खांद्याचं, पोराबाळांचं बोलतो. वाजवण्याचं कधीच नाही. मला भीती वाटते की मी काढलं तर तो फोन फेकेल.

पण परवा शर्वरीने काटा दाखवला आणि माझं डोकं फिरलं. भर शमालात मी त्याला फोन लावला.

"मेस्त्री, तुमची तलवार उतरलीय, असं माझी मुलगी म्हणते."

पलीकडे ग्राइंडरचा आवाज होता. तो बंद झाला. मला वाटलं, तुटला फोन.

"थंय धरा," तो म्हणाला.

मी काचेचं दार सरकवून बाहेर गेले. धूळ नाकातोंडात गेली. फोन तलवारीजवळ धरला. तिने कठड्यावर डोकं आपटलं, एकदा, दोनदा.

"उतरली हा," तो म्हणाला. "गंज चढलो आसतलो. कानस आसा घरात?"

नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीत होती. शर्वरी दारात येऊन उभी राहिली, तोंडाला ओढणी बांधून. तिच्या हातात मी फोन दिला, तलवार गुडघ्यांमध्ये दाबली आणि घासायला लागले.

"टोकाकडे," फोन म्हणाला. "मधी नको. टोकाकडे घासा."

मी घासत होते. हातांची सालटी निघाली, लोखंडाचा भुगा आणि वाळवंटाची धूळ एकत्र होऊन घामावर बसली. मध्येच सोडून ऐकवायची, तो म्हणायचा, "आजून." पुन्हा घासायची. "आजून." मला मनातून वाटत होतं की हे संपू नये. इतक्या वर्षांनी तो तेच काम करत होता, फक्त हात माझे होते.

"बस," तो एकदम म्हणाला. "आता सोडा तिका."

मी तलवार सोडली. वाऱ्याचा एक लोट इमारतीला वळसा घालून आला आणि त्याने ती उचलून कठड्यावर घातली. खण्ण. तोच आवाज. शर्वरीने दुसऱ्या हातातल्या स्वतःच्या फोनकडे पाहिलं, काटा मधोमध होता. पुन्हा एक लोट, पुन्हा खण्ण. मग तिसरा, सगळ्यात मोठा. खण्ण. तो हळूहळू विरत गेला.

आणि फोनमधून, ज्याने जन्मात ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं, त्याचा खरखरीत आवाज आला.

"व्हय म्हाराजा."